कोलोनोस्कोपी: पोट साफ करण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

‘खालून दुर्बीण टाकून बघावे लागेल’, म्हणजे कोलोनोस्कोपी करावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले की बहुतेकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: दुखेल का, आणि खर्च किती? तपासणी कामी येणार की वाया जाणार हे मात्र तिसऱ्याच गोष्टीवर ठरते, आणि ती फारसे कोणी विचारत नाही. ती म्हणजे आदल्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पोट साफ करायचे औषध कसे घ्यायचे. दुर्बीण चालवणे डॉक्टरांचे काम, आतडे धुऊन आणणे तुमचे. ते अर्धवट राहिले तर चांगले यंत्र आणि चांगला हात असूनही काही दिसत नाही. मग औषध, उपास, रजा, खर्च, सगळे पुन्हा.

ही दुर्बीण म्हणजे करंगळीएवढी जाड, साधारण १२-१३ मिलिमीटरची, दीड मीटरच्या आसपास लांब अशी लवचीक नळी. टोकाला कॅमेरा आणि दिवा. आतून ३ ते ४ मिलिमीटरचा एक पोकळ मार्ग असतो. त्यातून आतडे धुता येते, घाण ओढून घेता येते, तुकडा काढायचा चिमटा किंवा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसल कोंब) कापायचा तारेचा फास आत सारता येतो. गुदद्वारातून शिरून ही नळी मोठे आतडे जिथे सुरू होते तिथपर्यंत, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत जाते. बऱ्याचदा तिथून पुढे लहान आतड्याचे शेवटचे काही सेंटीमीटरही बघतात. आपल्याकडे हा तुकडा बघणे फार मोलाचे, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार) हे दोन्ही तिथेच बस्तान मांडतात आणि दिसायला जुळ्या भावांसारखे असतात.

शौचावाटे रक्त, महिनाभर न थांबणारे जुलाब, कारण सापडत नाही असा लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया, विनाकारण घटणारे वजन, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय ही कोलोनोस्कोपी सांगण्याची नेहमीची कारणे. त्यातल्या रक्ताबद्दल स्पष्ट बोलायला हवे. ‘मूळव्याध आहे’ असे स्वतःच ठरवून लोक वर्षानुवर्षे मलम आणि चूर्ण घेत राहतात. मूळव्याध असतेही, पण ती असली म्हणून वर, आतड्यात दुसरे काही नाही असे सिद्ध होत नाही. अमेरिकेत २०२१ पासून काहीही त्रास नसलेल्यांनीसुद्धा ४५ व्या वर्षापासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी तपासणी सुरू करावी अशी शिफारस आहे. भारतात सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग येतात, मोठ्या आतड्याचा येत नाही. त्यामुळे आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल तर आपणहून डॉक्टरांकडे विषय काढावा लागतो. अशांसाठी ढोबळ नियम असा: वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा नातेवाइकाला ज्या वयात निदान झाले त्याच्या १० वर्षे आधी, यातले जे लवकर येईल तेव्हा.

तारीख घेताना

शक्य असेल तर सकाळी १० ते १२ च्या दरम्यानची वेळ मागा. सकाळी ८ ची वेळ ‘लवकर सुटू’ म्हणून बरी वाटते, पण मग औषधाचा दुसरा हप्ता रात्री दोन-तीनला उठून घ्यावा लागतो आणि नेमका तोच लोक टाळतात. दुपारी उशिराची वेळ मधुमेह्यांना जड जाते, उपाशी राहण्याचा काळ लांबतो.

तालुक्याच्या गावाहून शहरात येणार असाल तर एसटीने किंवा वडापने पहाटे निघायचा बेत करू नका. दुसऱ्या हप्त्यानंतरचे दोन-अडीच तास शौचालयापासून लांब राहता येत नाही. आदल्या रात्री रुग्णालयाजवळ नातेवाइकाकडे किंवा लॉजवर उतरा, नाहीतर रुग्णालयातच दाखल होऊन तयारी करता येते का विचारा. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसासाठी, किंवा चाळीतले शौचालय सामायिक असेल तर, दाखल होणेच शहाणपणाचे. घरीच करणार असाल तर पाण्याची वेळ बघून आदल्या दिवशी पिंप आणि बादल्या भरून ठेवा. हे क्षुल्लक वाटते, पण रात्री नळ कोरडा निघाला की कळते.

खर्चाचा एकच आकडा विचारू नका. दुर्बिणीचे शुल्क, भूलतज्ज्ञाचे शुल्क, बायोप्सी म्हणजे तपासायला तुकडा घेण्याचे, तो तुकडा प्रयोगशाळेत तपासण्याचे, आणि पॉलिप निघाला तर फास व जखम मिटवणाऱ्या क्लिपचे पैसे हे बहुतेक ठिकाणी वेगवेगळे लागतात. एकेका क्लिपची किंमतही वेगळी. विम्याच्या बाबतीत, केवळ तपासणीसाठी दाखल झाल्याचा खर्च पॉलिसीतून सहसा वगळलेला असतो. पॉलिप काढला किंवा रक्तस्राव थांबवला तर तो उपचार धरला जाऊ शकतो, म्हणून टीपीएकडे (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) आधीच विचारून ठेवा.

आणखी एक प्रश्न तारीख घेतानाच विचारा: पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढणार ना? बहुतेक ठिकाणी काढतात, पण त्यासाठी संमती आधी द्यावी लागते. ‘आधी फक्त बघा, मग ठरवू’ असे म्हणालात तर तयारीचा सगळा खटाटोप दुसऱ्यांदा वाट्याला येतो.

गोळ्यांचा हिशेब

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीसुद्धा. कागदावर नावे लिहिताना एखादी राहतेच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि त्या घेता हे सांगायचे विसरूही नका. हृदयासाठीची ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, पॉलिप काढायची शक्यता असेल तर, साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. वॉरफरिन साधारण ५ दिवस. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगाट्रान साधारण २ दिवस, किडनी कमजोर असेल तर जास्त. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना अंदाज असावा म्हणून दिले आहेत. निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि दुर्बीण करणारे डॉक्टर मिळून घेतात. स्टेंट टाकून वर्ष झाले नसेल तर निकड नसलेली तपासणी पुढेही ढकलतात. गोळी बंद केल्याने स्टेंट बुजणे हे पॉलिपच्या जागेतून रक्त येण्यापेक्षा कितीतरी भयंकर असते.

लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा. त्यांनी शौच काळे आणि डांबरासारखे चिकट होते, धुऊनही निघत नाही. इसबगोलही त्याच सुमारास बंद. एरवी पोटासाठी चांगले असले तरी इथे ते आतड्याला लेप देऊन बसते.

मधुमेहाच्या गोळ्यांत दोन प्रकार नीट ओळखा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या, मग त्या मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असल्या तरी, ३ दिवस आधी थांबवायला सांगतात. उपाशीपोटी त्यांनी रक्तात कीटोन नावाची आम्ले साठून माणूस गंभीर होऊ शकतो, आणि तेही साखर फारशी न वाढता, त्यामुळे ग्लुकोमीटर पाहून शंकाही येत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा धोका उलटा: जेवण नसताना घेतल्या तर साखर घसरते. ज्या दिवशी पातळ पदार्थांवर राहायचे त्या दिवशी त्या सहसा देत नाहीत. इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते, कमी करायचे असते. किती ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तयारीच्या दिवशी दर चार तासांनी आणि घाम फुटला, हात थरथरले की लगेच साखर तपासा. ७० च्या खाली गेली तर साखरेचे पाणी किंवा ग्लुकोज प्या, ‘तपासणी रद्द होईल’ म्हणून थांबू नका. त्या पाण्याने तपासणीला काही होत नाही. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा, कारण त्याने जठर उशिरा रिकामे होते.

रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, फिटच्या गोळ्या त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घेतात. लघवीची गोळी मात्र विचारून. अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते.

तीन दिवस काय खायचे

बियांचे आणि चोथ्याचे खाणे ३ दिवस आधी थांबवायचे. कारण साधे आहे: बी पचत नाही, औषधाने सगळी वाहून जात नाही, आणि दुर्बिणीच्या त्या ३-४ मिलिमीटरच्या मार्गात अडकते. एकदा तो मार्ग तुंबला की घाण ओढता येत नाही.

तेव्हा पेरू, सीताफळ, डाळिंब, अंजीर, टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी बाजूला. पालेभाज्या, मका, मोड आलेली कडधान्ये बाजूला. तीळ, खसखस, जवस-कारळ्याच्या चटण्या, शेंगदाण्याचे कूट, ओले-सुके खोबरे बाजूला. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरीसुद्धा. फोडणीतली मोहरी आणि जिरे हमखास विसरले जातात. तीन दिवस फोडणी नको, किंवा गाळून घ्या.

चालते ते असे: मऊ पांढरा भात, गाळलेले मुगाच्या डाळीचे वरण, दही, ताक, इडली, भाज्या-मोहरी नसलेला उपमा, पांढरा पाव, सोललेला उकडलेला बटाटा, अंडे, साधे शिजवलेले मासे किंवा चिकन. ‘उपासाचे तर चालेलच ना?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. नाही चालत. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, सालीसकट रताळे. उपासाचे ताट म्हणजे चोथा आणि बियांचेच ताट.

आदल्या दिवशी काही रुग्णालये सकाळचा हलका नाश्ता किंवा दुपारपर्यंत दहीभात चालवतात, काही सकाळपासूनच पातळ पदार्थांवर ठेवतात. तुमच्या कागदावर जे असेल ते पाळा. पातळ म्हणजे पेल्यापलीकडचे छापील अक्षर वाचता येईल इतके निवळ: शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, कोरा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस, भाताची निवळ, वरणाचे वरचे पाणी, ओआरएस. किडनीचा आजार असेल तर शहाळे टाळा, त्यात पोटॅशियम बरेच असते. दूध आणि दुधाचा चहा नाही. कोकम सरबत, सोलकढी, गुलाबाचे सरबत, बिटाचा रस नाही, कारण आतड्याच्या भिंतीवर तो लाल रंग रक्तासारखा दिसतो.

औषध कसे प्यायचे

महाराष्ट्रात सर्वाधिक दिसते ते पेगलेकसारखे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे पाकीट. पाकीटभर पावडर २ लिटर पाण्यात विरघळवायची. हे औषध आतड्यात शोषले जात नाही. पाणी धरून ठेवते आणि ते पाणी सगळे आतडे धूत खाली येते. त्यातले क्षार असे मोजून घातलेले असतात की शरीरातले पाणी आणि मीठ ओढले जाऊ नये. म्हणून ‘कमी प्यावे लागेल’ या हिशेबाने एका लिटरात कालवायचे नाही. त्यात साखर घालायची नाही.

पावडर चमच्याने अर्धी करायचा खटाटोप करू नका, क्षार सारखे वाटले जात नाहीत. सगळी पावडर एकदम २ लिटरात विरघळवा, एकेक लिटरच्या दोन बाटल्या भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. गार असले की चव निम्मी मरते. २४ तासांत संपवा.

समजा तपासणी ११ वाजता आहे. आदल्या संध्याकाळी ६ ला पहिली बाटली सुरू करा, दर १५ मिनिटांनी एक पेला, २५० मिलिलिटर. तासाभरात लिटर संपतो. घोट घोट चाखत बसलात तर खारट-गुळमट चव तोंडात रेंगाळते. स्ट्रॉ जिभेच्या मागे धरून सरळ गिळलेले बरे. प्रत्येक पेल्यानंतर लिंबाची फोड चोखा. बसून राहू नका, घरात फेऱ्या मारा, पोट लवकर हलते. पहिला जुलाब एक-दोन तासांत होतो, कधी तीनही लागतात. त्यानंतर झोपेपर्यंत निदान अर्धा लिटर निवळ पातळ पदार्थ प्या. नुसते साधे पाणीच भरमसाट पिऊ नका, विशेषतः वयस्कर मंडळींनी; रक्तातले सोडियम खाली येऊन भ्रम होऊ शकतो. ओआरएस, सरबत, निवळ असे आलटून पालटून घ्या.

आता महत्त्वाचे. दुसरी बाटली पहाटे ५ ला सुरू करून ६-६:३० पर्यंत संपवायची. संध्याकाळीच शौच पाण्यासारखे झालेले असते, झोप लागलेली असते, आणि ‘झालेच की साफ’ म्हणून इथे बहुतेकांची गाडी घसरते. रात्रभरात लहान आतडे पित्तमिश्रित चिकट द्रव खाली सोडत असते. तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, उजव्या भागात साचतो आणि भिंतीला साय धरल्यासारखा बसतो. त्याच भागात चपटे, फिकट पॉलिप असतात, जे आधीच दिसायला अवघड. पहाटेचा लिटर तो थर धुऊन काढतो. तपासणीच्या ४ ते ६ तास आधी दुसरा हप्ता सुरू व्हावा आणि किमान २ तास आधी पाण्यासह सगळे बंद व्हावे, असा हा हिशेब आहे. काही भूलतज्ज्ञ याहून जास्त वेळ कोरडे पोट मागतात, तिथे त्यांचेच ऐका आणि पहाटेची वेळ त्या मानाने आणखी लवकरची धरा.

साफ झाले हे संख्येवरून नाही, रंगावरून ओळखायचे. आधी घट्ट, मग तपकिरी चिखल, मग तपकिरी पाणी, मग गढूळ नारिंगी, आणि शेवटी लघवीसारखे निवळ पिवळे, तळ दिसेल असे. पिवळा रंग पित्ताचा असतो, तो जात नाही, जायची गरजही नाही. गढूळपणा गेला पाहिजे. सकाळीही चिखल दिसत असेल तर निघण्यापूर्वी रुग्णालयात फोन करा. आणखी औषध देता येते, वेळ पुढे करता येते. एनिमाने फक्त शेवटचा, डावीकडचा भाग साफ होतो. शरमेने किंवा ‘रद्द करतील’ या भीतीने लपवलेत तर टेबलावर ते पाच मिनिटांत उघडकीला येतेच.

गुदद्वाराजवळची कातडी सोलवटू नये म्हणून पहिल्या जुलाबाआधीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. पुसण्यापेक्षा पाण्याने धुवा, मऊ कापडाने टिपा. गुडघे दुखणाऱ्यांना भारतीय शौचालयात दहा-बारा वेळा उठबस होत नाही. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. वयस्कर माणसाबरोबर रात्री कोणीतरी जागे असावे, वाटेत दिवा असावा. तयारीच्या रात्री चक्कर येऊन पडणे हा खरा धोका आहे.

मळमळ झाली तर अर्धा तास थांबा, मग अर्धा अर्धा पेला सावकाश घ्या. याआधी उलटी झाली असेल तर उलटीची गोळी आधीच लिहून घ्या. बद्धकोष्ठ जुना असेल तर तेही सांगा. आदल्या रात्री बिसाकोडिल या जुलाबाच्या गोळ्या किंवा एक जास्तीचा लिटर लागतो. पोट ताठ फुगले, मुरडा वाढत गेला, उलट्या होताहेत आणि खालून काहीच निघत नाही, असे झाले तर औषध तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. आतड्यात अडथळा असू शकतो.

दुकानात ४५ मिलिलिटरची सोडियम फॉस्फेटची छोटी बाटलीही मिळते. थोडेच प्यायचे म्हणून ती हवीशी वाटते. पण तिच्यातल्या फॉस्फेटने किडनीला कायमची इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वय जास्त, किडनी किंवा हृदय कमजोर, रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा वेदनाशामक चालू, यातले काहीही असेल तर ती नकोच. डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय कोणीच घेऊ नये.

रुग्णालयात

सोबत एक धडधाकट माणूस हवाच. गुंगी देऊन तपासणी करायची असेल तर त्याच्याशिवाय बरीच रुग्णालये सुरूच करत नाहीत. जुने रिपोर्ट, सीटी स्कॅन, आधीच्या दुर्बिणीचे फोटो बरोबर घ्या. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ घरी काढून या. पॉलिप काढताना वीज वापरली तर अंगावर धातू नको. कवळीही काढावी लागते. मासिक पाळी चालू असली तरी तपासणी होते. गर्भ राहिल्याची शंका असेल तर आधी सांगा. खोलीत स्त्री परिचारिका असावी असे वाटत असेल तर तसे मोकळेपणाने मागा.

पाठीमागे उघडा गाउन किंवा मागे फट असलेली कागदी चड्डी देतात. हाताला सलाईनची सुई, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, नाकाशी ऑक्सिजनची नळी. डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. डॉक्टर आधी जेली लावलेल्या बोटाने तपासतात, मग दुर्बीण.

गुंगीचे दोन मार्ग. मिडाझोलाम आणि फेंटानिल दिले तर अर्धवट जाग असते, आवाज ऐकू येतात, नंतर फारसे आठवत नाही. प्रोपोफोल भूलतज्ज्ञ देतात. त्यात झोपच लागते आणि जाग येते तेव्हा सगळे उरकलेले असते. घोरण्याचा मोठा त्रास, झोपेत श्वास अडकणे, दमा, आधीच्या भुलेत काही झालेले असणे हे सांगितलेच पाहिजे. गुंगीशिवायही तपासणी होते, आणि लगेच उठून घरी जाता येते. मग दुखते का? आतड्याच्या आतल्या अस्तराला चिमटा घेतल्याची जाणीव नसते, म्हणून बायोप्सी दुखत नाही. दुखतो तो ताण: आतड्याला वळण असते, तिथे नळीचा वेटोळा पडला की मुरडा येतो, आणि आत भरलेल्या हवेने पोट तटतटते. अशा वेळी परिचारिका पोटावर हाताने दाबते किंवा तुम्हाला उताणे वळवतात. लांब श्वास सोडत राहा. वारा सरला तर सरू द्या. दाबून धरलात तर त्रास तुम्हालाच. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्या ठिकाणी नंतरची फुगी बरीच कमी असते, कारण तो वायू लवकर शोषला जातो.

एकूण २० ते ४० मिनिटे. खरी तपासणी होते ती नळी बाहेर काढताना, घडी अन् घडी बघत. ही परतीची वाटच निदान ६ मिनिटांची असावी असा जुना मापदंड. आता ८ मिनिटे धरतात. टीबीची शंका असेल तर एक गोष्ट आधी विचारून ठेवा: तुकडे फॉर्मेलिनबरोबरच (तुकडा टिकवायचे रसायन) साध्या सलाईनच्या वेगळ्या बाटलीतही पाठवणार ना? फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही. नंतर आठवून उपयोग नसतो, तुकडा पुन्हा काढावा लागतो.

घरी आल्यावर

अर्धा-एक तास निरीक्षणाखाली ठेवून सोडतात. गुंगी घेतली असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही. ‘आता ठीक वाटतंय’ म्हणून स्कूटरवर बसू नका, औषधाचा अंमल जाणिवेपेक्षा जास्त वेळ टिकतो. डॉक्टर बाहेर येऊन जे सांगतात तेही सोबतच्या माणसाने लिहून घ्यावे. तुम्ही मान डोलावता आणि तासाभराने काहीच आठवत नाही.

वारा अडकून पोट दुखते, कधी दिवसभर. चाला, कोमट पाणी प्या, पालथे झोपा. मऊ भात, वरण, ताक असे खाऊन सुरुवात करा. बायोप्सी झाली असेल तर एक-दोनदा रक्ताचे पुसट डाग दिसतात. दोन-तीन दिवस शौचाला झाले नाही तरी घाबरायचे कारण नाही, आत काही शिल्लकच नसते.

आतड्याला छिद्र पडणे दुर्मीळ आहे, हजारात एखाद्याला, केवळ तपासणी असेल तर त्याहूनही कमी. पॉलिप काढल्यावर रक्तस्राव त्यापेक्षा जास्त वेळा होतो, आणि तो दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. म्हणून मोठा पॉलिप काढला असेल तर त्या दोन आठवड्यांत लांबचा प्रवास, यात्रा, ट्रेक ठेवू नका. वाढत जाणारी पोटदुखी, फळीसारखे कडक पोट, ताप, खांद्यात कळ, रक्ताच्या गाठी, काळे शौच, घेरी, यातले काहीही झाले तर रात्र काढू नका, सरळ तातडीच्या विभागात जा आणि कोलोनोस्कोपी झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा.

रिपोर्ट वाचताना

‘नॉर्मल स्टडी’ एवढ्यावर समाधान मानू नका. तीन गोष्टी शोधा. पहिली, सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, पोचले का. अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो हा त्याचा पुरावा. दुसरी, लहान आतड्याचे टोक, म्हणजे टर्मिनल इलियम, बघितले का. तिसरी, सफाई कशी होती. चांगल्या रिपोर्टात बोस्टन स्कोअर असतो: आतड्याच्या तीन भागांना ० ते ३ गुण, एकूण ९ पैकी. प्रत्येक भागाला निदान २ हवेत. सफाई अपुरी असे लिहिलेले असेल तर तो रिपोर्ट ‘काही नाही’ असे सांगत नाही, ‘नीट दिसले नाही’ असे सांगतो. अशी तपासणी वर्षाच्या आत पुन्हा करायची असते, आणि त्या वेळी तयारी वाढवून.

दुर्बिणीचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, तुकड्याचा बहुधा आठवड्याच्या आत, कल्चर मात्र सहा-आठ आठवडे चालते. तुकड्याचा रिपोर्ट आणायला विसरणारे कमी नाहीत, आणि पॉलिप कोणत्या जातीचा हे त्यातच असते. ॲडिनोमा असेल तर तो न काढता पुढे कर्करोगात बदलू शकला असता. काढला म्हणजे तो मार्ग तोडला. पुढची तपासणी कधी हे जात, संख्या आणि आकार यांवर ठरते. सगळे साफ आणि नॉर्मल असेल, घरात इतिहास नसेल, तर १० वर्षांनी. एक-दोन लहान ॲडिनोमा असतील तर ७ ते १० वर्षांनी. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, किंवा संख्येने पाच ते दहा असतील, तर ३ वर्षांनी. २० मिलिमीटरहून मोठा तुकड्या-तुकड्यांनी काढला असेल तर ६ महिन्यांनीच ती जागा पुन्हा बघतात. तारीख फाइलच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्येही. मोठा किंवा कर्करोगाच्या दिशेने पुढे गेलेला ॲडिनोमा निघाला असेल तर भावंडांना आणि मुलांना तसे सांगा, म्हणजे त्यांना स्वतःची तपासणी केव्हा करायची हे त्यांच्या डॉक्टरांना विचारता येईल.